पिष्ट जातं, प्रथिन उरतं

सुक्या पिवळ्या वाटाण्याच्या 100 किलो पिठात ढोबळमानाने 45 किलो पिष्ट आणि 22 किलो प्रथिनं असतात. मोल प्रथिनांना. ती वेचून काढण्यापेक्षा त्यांच्याभोवतीचं पिष्टच घालवलं तर?

हे काम एन्झाइम म्हणजे विकरं करतात. मोड येणारी मटकी साठवलेल्या पिष्टाची साखर करते, तीही विकरांच्याच बळावर. 1833 साली पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आणलेल्या बार्लीतून असं विकर पहिल्यांदा वेगळं काढलं आणि त्याला ‘डायस्टेज’ नाव दिलं.

पीठ पाण्यात कालवून तापवलं की त्याची खळ होते. कडधान्यांच्या पिष्टात अमायलोज जास्त असतं, त्यामुळे त्याचे कण गहू-तांदळाच्या मानाने हट्टी. सहजी फुगत नाहीत. नव्वदेक अंशांना अल्फा-अमायलेज हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या मधूनच तोडतं आणि घट्ट खळ पाहता पाहता पातळ होते. मग साठेक अंशांना ग्लुकोअमायलेज उरलेल्या तुकड्यांच्या टोकांपासून एकेक ग्लुकोज सोडवत जातं. त्याला लागतो साडेचारच्या आसपासचा सामू, आणि वाटाण्याची बहुतेक प्रथिनं नेमकी याच आंबटपणाला पाण्यात विरघळत नाहीत. फार सुंदर जुळणी आहे ही! साखर पाण्यात उतरते, प्रथिनं साक्यात राहतात.

पुढचं काम यीस्टचं. ग्लुकोजच्या वजनातलं जवळपास निम्मं इथेनॉल होतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. 45 किलो पिष्टातून फार तर 25 किलो, म्हणजे सुमारे 32 लिटर इथेनॉल निघेल. प्रत्यक्षात त्याहून कमीच. मागे उरलेल्या 55 किलोंत ती 22 किलो प्रथिनं तशीच असतात. त्यांचं प्रमाण 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर जातं.

कडधान्यं खाल्ल्यावर पोटात वायू धरतो तो रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरांमुळे. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर घातलं की त्याही फुटतात आणि यीस्टच्या कामी येतात. उष्णतेने प्रथिनांची विद्राव्यता मात्र घटते. त्यामुळे पेयांपेक्षा पशुखाद्यात ती जास्त शोभतात.

ताटातली डाळ इंधनासाठी वापरणं आपल्याकडे मुळीच पटणारं नाही. डाळ मिलमधली चुणी, फुटका नि डागी माल यांची गोष्ट वेगळी. चुणी आजही गुरांपुढेच जाते. इथेनॉल काढून घेतल्यावरही तिच्यातली प्रथिनं गव्हाणीत पोचतील. पिष्टातून मिळणारी ऊर्जा तेवढी दुसऱ्या खाद्यातून भरून द्यावी लागेल.