शेंडीहून सुटणारी लाँच

येत्या डिसेंबरात भंडारदऱ्याच्या धरणाला शंभर वर्षं पूर्ण होतील. १९१० साली सुरू झालेलं काम १९२६ मध्ये संपलं, मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि धरणाला त्यांचंच नाव मिळालं. या अकरा टीएमसी पाण्यावर प्रवरेकाठचा ऊस पोसला, साखर कारखाने उभे राहिले, खालच्या तालुक्यांची दैना फिटली. शताब्दीच्या निमित्तानं हे सगळं लिहिलं जाईल आणि लिहिलं जावंच. मला लिहायचंय ते त्या पाण्यावरून जाणाऱ्या वाटेबद्दल. तिची आठवण कुणी काढील असं दिसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात जलाशयाकाठच्या शेंडी गावात चौकशी केली, रतनवाडीला बोट किती वाजता सुटते? तिकिटं फाडणारा मुलगा गोंधळला. मग समजुतीनं म्हणाला, "काका, तशी नाही जात. इथंच राउंड मारून परत. रतनवाडीला जायचं तर अख्खी बोट करावी लागेल." त्याचं काही चुकलं नव्हतं. तो जन्मला तेव्हाच ती वाट मोडली होती. पण ते उत्तर माझ्या मनातून जात नाही.

नगर जिल्हा म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, चारा छावण्या आठवतात. या जिल्ह्यात पाण्यावरून जाण्यायेण्याच्या वाटा होत्या हे जिल्ह्यातल्याच माणसांना सांगावं लागतं. कर्जत तालुक्यातलं सिद्धटेक हे अष्टविनायकांपैकी एक. दौंडकडून येणारा भाविक शिरापूरला उतरायचा आणि नावेत बसून भीमा ओलांडायचा. अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या देवळाचं पहिलं दर्शन कित्येकांनी नदीच्या पात्रातूनच घेतलं. पुढं पूल झाला, गाड्या थेट देवळाशी जाऊ लागल्या. पुलाबद्दल माझी तक्रार नाही. नावाडी कुठं गेले हे मात्र कुणी विचारलं नाही. उजनीच्या आणि जायकवाडीच्या फुगवट्यात वाटा बुडाल्या तिथं लोकांनी होड्या घातल्या, काहिली सोडल्या, ज्याला जे जमलं ते केलं. सरकारनं धरणं बांधताना रस्ते किती बुडणार हे मोजलं. त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या माणसांनी पुढं काय करायचं, याचं उत्तर त्या मोजणीत नव्हतं.

मला नीट सांगता येईल ते ऐंशीचं दशक. मी तेव्हा राजूरला शाळेत मास्तर होतो. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग म्हणजे डांगाण. पाऊस असा की घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्जत-जामखेडला, पाचशेची वाट बघावी लागते. जलाशयाच्या भोवतीनं मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी महादेव कोळी आणि ठाकरांची गावं. आज या गावांना जोडणारा डांबरी रस्ता आहे. तेव्हा होता तो कच्चा, आणि आवणीच्या दिवसांत चिखलानं बंद व्हायचा. शेंडीहून रतनवाडीच्या बाजूला जायची खरी वाट पाण्यावरूनच होती. लाँचमधून काठाला उतरायचं आणि पुढं गावापर्यंत चालायचं.

त्या लाँचमध्ये काय काय जायचं! तांदळाच्या गोण्या, शेळ्या, रॉकेलचे डबे, टपालाची पिशवी, आश्रमशाळेतली पोरं, लग्नाचं वऱ्हाड. महाशिवरात्रीला रतनवाडीच्या अमृतेश्वराची यात्रा असली की पाय ठेवायला जागा मिळायची नाही. एकदा रात्री एक बाळंतीण आणली होती. तिला घोंगडीवर निजवलं होतं, सासू उशाशी बसून तोंडानं देवाचं नाव घेत होती आणि इंजीन दर पाच मिनिटांनी अडखळत होतं. त्या रात्री सगळं सुखरूप झालं. पण ते इंजीन बंद पडलं असतं तर काय, हा विचार बोटीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता आणि कुणी बोलत नव्हतं.

लाँच चालवणारे बाबा फारसं बोलायचे नाहीत. पाण्याखालचा मुलूख त्यांना तोंडपाठ होता. कुठं जुन्या झाडाचं खोड उभं आहे, कुठं बुडालेला बांध आहे, पाणी किती खाली गेलं की कुठला उंचवटा वर येतो. सकाळी तळं गुळगुळीत असायचं. दुपारनंतर रतनगडाच्या अंगानं वारा उतरला की त्याच तळ्यावर लाटा उठायच्या. "गुर्जी, वारं उठलंय, घडीभर थांबा," एवढंच ते म्हणायचे आणि मग तालेवार माणूस आला तरी लाँच हलायची नाही. उन्हाळ्यात आवर्तनं सुटली की पाणी ओसरत जायचं. फाल्गुनात ज्या जागी उतरलो त्या जागी वैशाखात भेगाळलेली जमीन, आणि काठ पार खाली. उतरल्यावर गुडघाभर गाळ तुडवायचा. बायका डोक्यावर ओझं घेऊन तो गाळ तुडवायच्या, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घ्यावं लागायचं.

या गाळावर उपाय सोपा होता. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का, काठावर एक शेड, बोटीत पुरेशी जॅकेटं. आम्ही काही जणांनी तसा अर्ज केला. सह्या आणि अंगठे गोळा केले. त्या वेळच्या एका कचेरीतून उत्तर आलं की रस्ता मंजुरीच्या मार्गावर असल्यानं जलवाहतुकीवर खर्च करणं योग्य होणार नाही. साहेबांना भेटलो तर ते म्हणाले, लाँचचं उत्पन्न डिझेललासुद्धा पुरत नाही. मी विचारलं, राजूर-अकोले एसटीच्या प्रत्येक फेरीचा हिशेब असा मांडता का? त्यांना राग आला. पस्तीसहून अधिक वर्षं झाली, पण तो प्रश्न मी आजही मागे घेत नाही. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. तोट्यातली गाडीही माणसांसाठी सोडायची असते, हे ज्या जिल्ह्यानं सगळ्यांच्या आधी पाहिलं, त्याला पाण्यावरची एक फेरी जड झाली.

आणखी एक राग आहे, तो माझ्यासारख्या लिहित्या माणसांवरचा. त्या काळात रतनगडाच्या ट्रेकचे लेख पुरवण्यांतून यायचे. सगळ्यांत ही लाँच असायची आणि सगळ्यांत ती थरारक असायची. धुकं, सूर्योदय, दोन्ही बाजूंचे कडे. शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवरची कोंबडी, त्याचा बाजार, त्याची तारीख-पेशी यांतलं काही त्या लेखांत आलं नाही. आलं असतं तर ती वाट लोकांची आहे हे बाहेरच्यांना कळलं असतं, आणि कचेरीत बसलेल्यांनाही.

नव्वदनंतरची वीस-पंचवीस वर्षं मी भरभर उलटतो. माझी बदली झाली. रस्ते सुधारले, घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ च्या सुमारास पुरा झाला, जीपगाड्या वाढल्या. लाँचच्या फेऱ्या कमी होत होत कधी थांबल्या ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मग एकदम आकाशाची बोलणी सुरू झाली. २०१४ च्या ऑगस्टात मुंबईत जुहूहून अँबी व्हॅलीपर्यंत पाण्यावर उतरणारं छोटं विमान सुरू झालं. पुढच्या ठिकाणांच्या यादीत पवना, वरसगाव आणि धोम यांच्याबरोबर आमच्या राहुरीजवळचं मुळा धरणही होतं. शिर्डी आणि मेहेराबादला जाणाऱ्यांची सोय म्हणून. आमच्या जिल्ह्याचं पाणी वाहतुकीच्या नकाशावर आलं याचा मला आनंद झाला होता, तो लपवत नाही. मुळेवरची ती सेवा काही रुळली नाही. साबरमतीहून केवडियाला ३१ ऑक्टोबर २०२० ला वाजतगाजत सुरू झालेलं सीप्लेनही वर्षभर टिकलं नाही.

टिकलं ते शिर्डीजवळच्या काकडीचं विमानतळ. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्याचं उद्घाटन केलं, साईबाबांच्या समाधीच्या शताब्दी वर्षात. अडीच हजार मीटरची धावपट्टी, पहिलं विमान मुंबईचं. २०१९ च्या नोव्हेंबरात धूसर हवेमुळे वाहतूक महिनाभर ठप्प झाली तेव्हा केवढा गहजब झाला होता. वैमानिकांना धावपट्टी दिसत नाही, यंत्रणा बसवा, दिवे बसवा. यंत्रणा बसली, २०२५ मध्ये रात्रीची विमानंही उतरू लागली. हे व्हायलाच हवं होतं. हैदराबादहून, चेन्नईहून येणारा भाविक दीड-दोन तासांत शिर्डीजवळ पोचतो, त्याच्या सुखाचा मला हेवा नाही. मी फक्त वेग बघतो. विमानाला दिसत नाही म्हटल्यावर व्यवस्था हलली. गाळात पाय रुततो हे सांगणारा आमचा अर्ज तिच्या हाती पडला होता, तेव्हा ती जागची हलली नाही.

तूट भरून द्यायची नसते असंही नाही. उडान योजनेत विमान कंपनीला तूट भरून काढायला सरकारी पैसा मिळतो, ठरावीक मुदतीपर्यंत. सिंधुदुर्गात चिपीचं विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं. मुदत सरली आणि २०२४ मध्ये मुंबईची सेवा बंद पडली, तेव्हा कोकणानं जाब विचारला आणि योग्यच केलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही बेटं आहेत. त्यांच्यात पावणेतीन किलोमीटरचं अंतर, विमानाला दोन मिनिटंही पुरतात. मूठभर लोकांसाठी हे विमान वर्षानुवर्षं नेमानं उडतं आहे, सार्वजनिक पैशाच्या आधारानं. त्याच देशात बॅरा बेटावर विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं आणि भरती-ओहोटी बघून वेळापत्रक ठरतं. पाणी वर-खाली होतं म्हणून तिथं कुणी सेवा गुंडाळली नाही.

आमच्याकडं काय झालं ते २०२४ च्या मे महिन्यात दिसलं. २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. एक जण पोहून बाहेर आला. बातमी ऐकल्यावर मला पहिल्यांदा बाबा आठवले. वारं उठल्यावर बोट थांबवण्याचा अधिकार आणि ते थांबणं परवडण्याची सोय त्या काठावर कुणाला होती का? दोनच दिवसांनी आमच्या अकोले तालुक्यात, सुगावजवळ, प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलातले तीन जवान गेले. त्याच्या आदल्या वर्षी नेवाशासमोरच्या गंगापूर तालुक्यातली भिव धानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेत जातात हे छापून आलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. म्हणजे पाण्यावरची वाट संपलेली नाही. तिची जबाबदारी घेणारं कुणी उरलेलं नाही, एवढंच.

कोयनेच्या शिवसागरात बामणोली-तापोळ्याकडं लाँच आणि तराफे माणसांना, गाड्यांना अजून पलीकडं नेतात. तिथंही रस्ते आले, पुलांची कामं निघाली, पण काठाच्या माणसाला लाँच परकी झालेली नाही. भंडारदऱ्याला हे जमण्यासारखं आहे. रस्ता झाला तरी आडबाजूच्या वस्तीवर गाडी येत नाही. शेंडीचा बाजार, राजूरचा दवाखाना आणि शाळा आजही पाण्याच्या पलीकडेच आहेत. जलाशयाला आता राघोजी भांगरे यांचं नाव आहे. याच तालुक्यातल्या देवगावचा हा माणूस डांगाणातल्या गरिबांसाठी इंग्रजांशी लढला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्यांचं नाव लावलेल्या पाण्यावर पहिला हक्क काठच्या माणसाचा असला पाहिजे.

शताब्दीचा कार्यक्रम जे कुणी आखत असतील त्यांच्याकडं माझी मागणी साधी आहे. पावसाळा सोडून रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक फेरी, शेंडी, मुरशेत, कोलटेंभे, रतनवाडी. पाण्याबरोबर सरकणारा धक्का. प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, मगच दोर सोडायचा. एसटीइतकंच तिकीट, विद्यार्थ्यांना पास, गरोदर बाईला आणि आजाऱ्याला फुकट. चालवायला याच गावांतले तरुण, आणि वारं उठल्यावर फेरी रद्द केली तरी त्यांचा रोज बुडणार नाही अशी लेखी हमी. तोटा येईल. तो सरकारनं विमानाचा भरला तसा याचाही भरावा. डिसेंबरात पाणी भरपूर असतं, धक्का फार खाली न्यावा लागणार नाही. पहिली फेरी त्याच महिन्यात सोडता येईल.