3 महिन्यांचा अंदाज, साडेतीन वर्षांचं काम!

गिऱ्हाइकाला तारीख देताना तुम्ही अंदाज कसा बांधता? त्यासाठी आज एका व्हिडिओ गेमच्या पडद्यामागे जाऊ.

अमेरिकेतला डीन डॉड्रिल मूळचा चित्रकार आणि ॲनिमेटर. प्रोग्रामिंग स्वतःच शिकला आणि 'डस्ट: ॲन एलिशियन टेल' करायला घेतला. उड्या मारत, तलवार चालवत पुढे जायचं, लढून लेव्हल वाढवायची, वाटेत गावकऱ्यांची कामं करायची, असा हा गेम. त्याचा अंदाज होता 3 महिन्यांचा. लागली साडेतीन वर्षांहून जास्त!

कारण साधं आहे. डोक्यात होता जुन्या वळणाचा छोटासा गेम. मग थोडं हे वाढवू, थोडं ते वाढवू... घराच्या रंगकामाचं होतं ना, तस्संच! 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'ड्रीम बिल्ड प्ले' स्पर्धेत गेमला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हाही तो अर्धवटच होता. बाजारात आला थेट ऑगस्ट 2012 मध्ये.

आता खरी गंमत बघा. लोक याला 'एकट्याने केलेला गेम' म्हणतात. चित्रं, ॲनिमेशन, प्रोग्रामिंग त्याचंच, हे खरं. पण संगीत दिलं हायपरडक साउंडवर्क्सने, कथा लिहायला सोबत ॲलेक्स केन, आणि पात्रांचे आवाज वेगळ्या कलाकारांचे. ज्यात हात बसला होता ते स्वतःकडे ठेवलं, बाकीचं सोपवलं. तेही एकट्याने करत बसला असता, तर माझ्या मते 2012 सुद्धा हुकलं असतं.