वशिला नव्हे, ओळख

माझी भाची बी. ए. झाली आणि एक दिवस म्हणाली, "मामू, मला जनसंपर्काच्या क्षेत्रात जायचंय. पण तिथं आपली कुणाशी ओळख आहे?"

प्रश्न साधा होता, पण मला टोचला. नाना पेठेत वाढलेल्या, घरात कुणी साहेब नसलेल्या मुलीनं ओळख आणायची कुठून? मी पडलो कवी. माझ्या ओळखी कविसंमेलनातल्या. त्यांवर वाहवा मिळते, नोकरी नाही.

जनसंपर्क म्हणजे गोड बोलणं, असा आपला समज असतो. खरं तर संस्था आणि लोक यांच्यातला विश्वास टिकवण्याचं हे काम आहे. बातमी लिहून द्यायची, पत्रकारांच्या प्रश्नांना वेळेवर उत्तर द्यायचं आणि संकट आलं तर तोंड लपवायचं नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला. तेव्हा आयव्ही ली यांनी रेल्वे कंपनीला माहिती दडवू न देता पत्रकारांना अपघाताच्या जागी नेलं. या व्यवसायात ही गोष्ट आजही सांगितली जाते.

आपल्या पुणे पोलिसांचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये ट्विटरवर (आताच्या एक्सवर) एका महिलेनं धानोरी पोलीस ठाण्याचा फोन नंबर विचारला. पोलिसांनी तो दिला. मध्येच एकानं त्या महिलेचाच नंबर मागितला! पोलिसांनी शांतपणे कळवलं, की सध्या आम्हाला तुमच्याच नंबरात अधिक रस आहे. उत्तर छोटंसं, पण देशभर गाजलं. धाकही राहिला आणि माणुसकीही दिसली.

भाचीनं २००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनवर खातं उघडलं. पण तिथं मांडायचं काय? मोहल्ल्यातल्या आमच्या छोट्या कविसंमेलनाची बातमी तिनं मराठीत आणि इंग्रजीत लिहिली, नमुना म्हणून तिथं ठेवली आणि एका पत्रकारालाही पाठवली. त्यात एक वाक्य होतं, 'सभागृह खचाखच भरलं होतं.' प्रत्यक्षात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तो पत्रकार तिसऱ्या रांगेत बसलेला होता!

त्याचं उत्तर आलं नाही. पोरगी रडवेली झाली. मी म्हटलं, "बेटा, गुपचूप पुसू नकोस. चूक झाली, असं लिही." तिनं तसं जाहीर लिहिलं आणि पत्रकाराला फोन करून माफी मागितली. पुढच्या कार्यक्रमाची बातमी त्यानं छापली. चार ओळींची का होईना!

मग तिनं काही पथ्यं ठरवली. कोणता पत्रकार कोणत्या विषयावर लिहितो, हे पाहूनच त्याला बातमी पाठवायची. वरिष्ठांना एकदम 'नोकरी द्या' म्हणायचं नाही. आधी त्यांचं काम वाचायचं, मग एकच नेमका प्रश्न विचारायचा. मदत मागण्याआधी आपण कुणाच्या उपयोगी पडायचं. आणि पडद्यावरची ओळख तिथंच सोडायची नाही. व्याख्यानाला, प्रदर्शनाला जायचं, माणसाला समोर भेटायचं. १९५८ साली स्थापन झालेल्या पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियासारख्या व्यावसायिक संस्थांच्या कार्यक्रमांवरही ती लक्ष ठेवू लागली.

सात-आठ महिने गेले. तिनं कधी काळी प्रश्न विचारलेल्या एका बाईंनी तिला मुलाखतीला बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या दुरुस्तीविषयी. "चूक लपवली का नाहीस?" भाची म्हणाली, "पत्रकार तिसऱ्या रांगेत होता, मॅडम." बाई हसल्या. तीन महिन्यांसाठी उमेदवारीचं काम मिळालं. पगार बेताचाच, पण सुरुवात झाली.

वशिला दुसऱ्याच्या जोरावर चालतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. ओळख मात्र आपल्या कामानं मिळवावी लागते. फोन हातात असला तरी ती रोज थोडी थोडी कमवावी लागते, आणि एका खोट्या वाक्यानं गमावताही येते.