उजवीकडच्या मुलीचं म्हणणं

फोटो तुम्ही पाहिलेला आहे. चौकड्यांचा शर्ट घातलेला तरुण मान मागे वळवून, ओठांचा चंबू करून बघतोय. डावीकडे लाल कपड्यांतली, जराशी धूसर मुलगी निघून चालली आहे. उजवीकडे त्याचा हात धरलेली त्याची मैत्रीण, आ वासून त्याच्याकडे पाहतेय. आंतोनियो गिलेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ साली कातालोनियातल्या जिरोना शहरात हा फोटो काढला आणि विक्रीसाठी स्टॉक फोटोंच्या साठ्यात टाकला. तिथे त्याखाली जी ओळ होती तिचा मतलब असा : मैत्रिणीबरोबर चालताना दुसऱ्या मोहक मुलीकडे थक्क होऊन पाहणारा बेइमान पुरुष. ओळ अगदी बरोबर आहे, आणि तिला कुणीही हसणार नाही. बघणाऱ्याने करायचं काम तिने आधीच उरकून टाकलंय.

२०१७च्या जानेवारीत प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांच्या एका तुर्की फेसबुक गटाने त्या मुलाला फिल कॉलिन्स केलं, लाल मुलीला पॉप आणि मैत्रिणीला प्रोग्रेसिव्ह रॉक. 'जेनेसिस' बँडचा जुना ढोलकवाला पुढे पॉपचा मोठा तारा झाला, त्याचा राग त्या तीन लेबलांत मावला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत हे टेम्प्लेट जगभर पसरलं होतं.

माझा भाचा पुण्यात मित्रांसोबत एक मराठी मीम पेज चालवतो. मी मासिकांत लिहिते, म्हणून ऐन वेळी 'मावशी, लेबलं सुचव ना' असा मेसेज येतो. काम दिसतं पाच मिनिटांचं. तीन जागा, तीन लेबलं. पण बहुतेक नवी पोरं सगळी ताकद लाल मुलीवर खर्च करतात. मोह काय तो भारी हवा, असं त्यांना वाटतं. माझं मत उलटं आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. लाल मुलगी पहिली, मुलगा दुसरा, आणि शेवटी नजर जाऊन थांबते ती मैत्रिणीच्या चेहऱ्यावर. फोटोत सगळ्यात बोलका चेहरा तोच. टाळी तिथेच पडायची असते. त्यामुळे आधी तिचं लेबल ठरवायचं, बाकीची दोन मग आपोआप जमतात.

उदाहरण सांगते. पहिला मसुदा असा होता : डावीकडे 'शेजारच्या प्लॅटफॉर्मवरची फास्ट', मध्ये 'मी', उजवीकडे 'समोरची स्लो'. मुंबईकराला कळतं, पण नुसतं कळतं. उजवीकडे 'समोर उभी असलेली रिकामी स्लो' केलं आणि भाचा फोनवर हसला. 'रिकामी' म्हटल्याबरोबर त्या गाडीची तक्रार रास्त ठरली. खिडकी मिळत होती, बसायला मिळत होतं, तरी हा जिना चढून पळाला! मैत्रिणीची बाजू खरी असली तरच तिच्या चेहऱ्यावरच्या संतापाला धार येते.

याच हिशेबाने जमलेलं माझं सगळ्यात आवडतं : डावीकडे 'श्रीखंडाचा रिकामा डबा', मध्ये 'आई', उजवीकडे 'लग्नात आलेला डिनर सेट'. डिनर सेट बिचारा कपाटात वर, खोक्यातच. त्याचा जीव किती तुटत असेल ते बघणाऱ्याने स्वतःच समजून घ्यायचं. कुणीतरी 'अजून न उघडलेला' हे शब्द जोडायला निघालं होतं. मी अडवलं. ते ज्याच्या त्याच्या घरात ठाऊक आहे.

लेबलात शक्यतो क्रियापद नको, कारण ते फोटोतच आहे : वळून बघणे. आपण फक्त नामं पुरवायची. लांबीवर तर भाच्याचा पहारा असतो. 'मावशी, हे लेबल तिच्या कपाळावर चढतंय.' माझ्या पिढीला सोसायला जड, पण तो बरोबर असतो. फोनच्या पडद्यावर हा फोटो तळहाताएवढासुद्धा नसतो. इंग्रजी मीमचा ठरलेला 'इम्पॅक्ट' फाँट आपल्या कामाचा नाही, त्यात देवनागरी नाहीच. पोरं पिक्सेललॅबमध्ये 'बालू' किंवा 'मुक्त' जाड करून वापरतात. पांढऱ्या अक्षराला काळी कडा द्यायची तर तीही जपून. कडा जाड झाली की 'क्ष', 'ष्ट' यांची पोटं भरून जातात आणि नुसता डाग उरतो. वर वेलांटी-रफार, खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतरही जास्त सोडावं लागतं. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात आणि पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. असं मीम चुकून गेलंच, तर विनोदावर एक कमेंट आणि शुद्धलेखनावर चाळीस.

एका गोष्टीवर आमचं एकमत आहे. 'बायको' आणि 'मेहुणी' ही लेबलं लावायची नाहीत. नैतिकता आहेच, पण तो विनोद व्हॉट्सॲपवर कधीच मेलाय हेही आहे. स्वीडनमध्ये बानहोफ या इंटरनेट कंपनीने नोकरभरतीच्या जाहिरातीत हाच फोटो वापरला : लाल मुलगी म्हणजे बानहोफ, मैत्रीण म्हणजे तुमची सध्याची नोकरी. तिथल्या जाहिरात लोकपालाने २०१८ साली ती जाहिरात लिंगभेद करणारी ठरवली. बायका म्हणजे एकीच्या जागी दुसरी आणावी अशा वस्तू, हा आक्षेपाचा गाभा. आक्षेप मला पटतो, फोटोतच ती खोट आहे. म्हणून निदान त्या दोन मुलींना माणसाचं लेबल देऊ नये. डबा, लोकल, परीक्षा चालतात. राज्यसेवेवरचं आमचं एक पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये बरंच फिरलं : डावीकडे 'तलाठी भरतीची जाहिरात', मध्ये 'चौथा अटेम्प्ट', उजवीकडे 'राज्यसेवा'. फिरलं ते दुसऱ्याच कुणाच्या वॉटरमार्कखाली. आमचा कापून टाकला होता. या धंद्यात त्याला चोरी म्हणत नाहीत, रीच म्हणतात.

सध्या दिवाळीचं चाललंय. मध्ये 'पाहुणे', डावीकडे 'चकली' यावर वाद नाही. उजवीकडे मी 'अनारसे' दिलं होतं. भाचा म्हणाला, 'अनारशाला मान आहे मावशी, तो निदान कौतुकापुरता तरी उचलतात. डब्यात तुळशीच्या लग्नापर्यंत कोण उरतं ते सांग.' मी शंकरपाळे म्हटलं. तो लगेच टाइप करायला लागला, आणि 'शंकरपाळे' एका ओळीत बसत नाही म्हणून पुन्हा कुरकुर सुरू झाली.