जुनी गाडी घेताना आधी थंड इंजिन पाहा



कापसाचे पैसे हातात आले की आपल्या केळापूर तालुक्यात बऱ्याच घरांत एक विषय निघतो. जुनी चारचाकी घ्यायची का? मागच्या हंगामात तो आमच्या गटाच्या बैठकीतही निघाला. गटातली एक ताई मसाले आणि पापड करते. बाजाराला माल न्यायचा तर ऑटोचे भाडे, शिवाय सासूबाईंना दर महिन्याला यवतमाळला दवाखान्यात न्यावे लागते. तिने छोट्या पेट्रोल गाडीसाठी गटाकडे ऐंशी हजारांचे कर्ज मागितले. गाडी पसंत पडली होती, फक्त इसार द्यायचा बाकी होता. पण पैसा दहाजणींच्या बचतीचा. म्हणून आम्ही म्हटले, आधी गाडी तपासू, मग ठराव लिहू.

सकाळी आठला मिस्त्रीदादांना घेऊन आम्ही पोहोचलो. गाडी धुऊनपुसून चकाचक उभी होती. दादांनी पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवला. ते गरम होते. दादा म्हणाले, "ताई, आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवली. उद्या येऊ, आणि आपल्यासमोरच सुरू करायला सांगू."

असे का? गरम इंजिन सहज सुरू होते. खरा दोष दिसतो तो रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनात. बॅटरी कमजोर असेल तर तेव्हा कळते, आतला खडखडाट तेव्हा ऐकू येतो. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑईल जाळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, तिला घाबरू नका. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर आत पाणी जात असण्याची शक्यता आहे. गाडी सुरू करण्याआधी ऑईल मोजायची पट्टी काढून पाहा. ऑईल काळे असेल तर ते बदलता येते. पण दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि ते काम खर्चाचे असते. रेडिएटरचे झाकण मात्र गरम इंजिनावर कधीच उघडू नका, हात भाजतो.

दुसऱ्या दिवशी त्या गाडीने चांगलाच निळा धूर सोडला. ताईचा चेहरा उतरला. पण इसार वाचला.

आता मीटरचे. मीटरवर तीस हजार किलोमीटर दिसतात, पण ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, स्टेअरिंगही घासले आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसिंगची जुनी बिले मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर चाकांचे काम निघणार. पायाखालची चटई उचलून गंज आणि सुकलेला चिखल पाहा. गाडी पुराच्या पाण्यात राहिली असेल तर तिथे खुणा सापडतात.

मग गाडी चालवून पाहा, हायवेवर आणि आपल्या पांदण रस्त्यावरही. ब्रेक मारल्यावर ती एका बाजूला ओढते का? खड्ड्यात खालून आवाज येतो का? चढावर इंजिन जोरात ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच संपत आला आहे.

गाडी पसंत पडली तरी कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. आधी किती मालक झाले, बँकेचा बोजा आहे का, दंडाचे चलान बाकी आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे तपासा. गाडीचा नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर बरीच माहिती मिळते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. म्हणून चौदा वर्षांची गाडी 'स्वस्त' म्हणून घेताना थांबा.

आपण सीमेवरचे. पैनगंगेपलीकडे तेलंगणात गाडी स्वस्त मिळते असे कोणी सांगेल. पण तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशोब करा.

व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या घ्या आणि तीस दिवसांत गाडी नावावर करण्यासाठी अर्ज करा. विमाही चौदा दिवसांत नावावर करायला टाका. आणखी एक. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. त्या कमाईवर कर्जाचा हप्ता धरू नका.

आमच्या ताईने महिनाभराने दुसरी गाडी घेतली. रंग उडालेला, एका दाराला पोचा, पण एकच मालक आणि सगळी बिले जपलेली. क्लच बदलावा लागेल हे मिस्त्रीदादांनी आधीच सांगितले, म्हणून तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेता आले. तेव्हापासून आमच्या गटाने नियम केला आहे. गाडीसाठी कर्ज मागताना किंमत, दुरुस्ती, विमा आणि नावावर करण्याचा खर्च, चारही आकडे अर्जात लिहायचे आणि मिस्त्रीने गाडी पाहिल्यावरच ठराव करायचा.

तुमच्या गटातही कोणी गाडी पाहत असेल तर तिच्यासोबत जा. पहाटे जा, आणि आधी बोनेटवर हात ठेवा.