व्यायामशाळेतली नोकरी आणि नाडीचे गणित

क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात स्पर्धांचे आयोजन, मैदानाची देखभाल, हिशेब, जाहिरात, प्रायोजक मिळवणे असे विषय असतात. हे शिकलेले काही विद्यार्थी पुढे व्यायामशाळांत, म्हणजे आजच्या भाषेत जिममध्ये, नोकरी धरतात. तिथे समोर प्रेक्षक नसतात, सभासद असतो. तो कधी विशीतला, कधी साठीतला, कधी रक्तदाबाची गोळी घेऊन आलेला. अशा नोकरीसाठी आणखी काय शिकायला हवे? एका साध्या सूत्राच्या मदतीने आपण ते पाहू.

व्यायाम किती जोरात करावा हे ठरवण्यासाठी एक सूत्र सर्रास वापरतात. २२० मधून वय वजा केले, की हृदयाचे मिनिटाला होऊ शकणारे जास्तीत जास्त ठोके मिळतात. चाळिशीच्या माणसाचे उत्तर १८०. मध्यम व्यायामात नाडी याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११५ ते १३७ असावी, असे सांगतात.

हे सूत्र १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून पुढे आले. ते खास आखलेल्या प्रयोगातून निघाले नव्हते. उपलब्ध आकड्यांवरून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून नवे सूत्र दिले: २०८ वजा (०.७ × वय). चाळिशीला दोन्ही सूत्रे १८० च सांगतात. विसाव्या वर्षी मात्र जुने २०० आणि नवे १९४ सांगते. साठाव्या वर्षी जुने १६० आणि नवे १६६.

पण खरा मुद्दा याहून वेगळा आहे. दोन्ही सूत्रे सरासरी सांगतात. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १० ते २० ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. शिवाय रक्तदाबावर किंवा हृदयविकारावर दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. अशा माणसाला तक्त्यातला आकडा गाठायला लावणे धोक्याचे ठरू शकते.

म्हणून प्रशिक्षकाने आधी प्रश्न विचारले पाहिजेत. छातीत दुखते का? चक्कर येते का? कोणती औषधे चालू आहेत? शंका आली, तर त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवावे. व्यायाम चालू असताना सोपी कसोटी बोलण्याची: बोलता येते पण गाता येत नाही, तर व्यायाम मध्यम आहे.

व्यवस्थापनाचा संबंध इथेच येतो. हे प्रश्न छापलेला कागद सही घेऊन कपाटात ठेवायचा, की प्रशिक्षकाने तो वाचायचा, हे व्यवस्थापक ठरवतो. एका प्रशिक्षकाकडे किती सभासद द्यायचे, हेही तोच ठरवतो. कुणी कोसळले तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबण्याचा सराव कर्मचाऱ्यांना आहे की नाही, हे त्यानेच पाहायचे असते. शरीरशास्त्र ठाऊक नसलेल्या व्यवस्थापकाला ही कामे दुय्यम वाटतील.

याची सुरुवात शाळेतच करता येईल. मुलांना मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजून तिला ४ ने गुणायला सांगा. मग ३ मिनिटे पायऱ्यांची चढउतार, लगेच दुसरी मोजणी आणि १ मिनिटाने तिसरी. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांकडे घड्याळ आणि नोंदवही द्या. सर्व आकडे फळ्यावर लिहा. वर्गातली मुले जवळपास एकाच वयाची, तरीही आकडे वेगवेगळे येतील. हे असे का, याचा विचार मुलांनाच करू द्या. सरासरी आणि समोरचा माणूस यांतला फरक ज्याला शाळेत कळला, तो पुढे जिममध्ये उभा राहिल्यावर तक्त्याआधी माणसाकडे पाहील.