झिमझिम पाऊस आणि समुद्रावरचे ढग

जून ते सप्टेंबरच्या थंडीत क्युरपीप-वाक्वाकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना झिमझिम पावसाचे नवल वाटत नाही. आग्नेयेचे वारे समुद्रावरची दमट हवा पठारावर चढवितात आणि छत्री हातात घ्यावी लागते. पण असाच बारीक पाऊस भर समुद्रात ढगांची सारी रचना बदलून टाकतो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ऑस्ट्रेलिया, चिली, नामिबिया व कॅलिफोर्निया यांच्या पश्चिमेस थंड समुद्रावर ठेंगण्या ढगांची चादर शेकडो मैल पसरते. १९६० साली 'टायरॉस' या पहिल्या हवामान उपग्रहाची छायाचित्रे आली, तेव्हा समुद्रावरच्या ढगांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे दिसली. काही घरे ढगाने भरलेली व कडेला मोकळी. तर काही आतून रिकामी, फक्त कडेला ढग.

भरलेली घरे रिकामी कशी होतात? ढगातला एक कण सुमारे ०.०२ मिलिमीटरचा. असे हजारभर कण एकत्र आले की ०.२ मिलिमीटरचा थेंब होतो व खाली पडतो. वाटेत त्याची बरीच वाफ होते, त्यामुळे खालची हवा गार व जड होऊन समुद्रावर पसरते. अशा दोन लाटा भिडल्या की त्यांच्या मधली दमट हवा वर उचलली जाते. तिथे नवा ढग उभा राहतो आणि मूळ जागा उघडी पडते.

थेंब जाताना हवेतील धुळीचे व मिठाचे कणही धुऊन नेतात. कण कमी झाले, की उरलेले थेंब मोठे होतात आणि पाऊस आणखी सोपा होतो. उलट, जहाजाच्या धुराने कण वाढतात व त्याच्या मार्गावर ढगाची पांढरी रेघ उमटते.

जुलै २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाजवळ, बहुतेक रात्री, अशा ढगांतून विमान नेले. झिमझिम पाऊस अपेक्षेहून अधिक आढळला, आणि चादरीला जिथे रिकाम्या घरांची भोके पडली होती तिथे तो विशेष होता.

आपण बेटावरच्या लोकांनी याकडे लक्ष का द्यावे? पांढरी चादर ऊन परतवून लावते. काळाभोर समुद्र ते पिऊन टाकतो. चादर किती फाटेल, यावर समुद्र किती तापेल हे पुष्कळसे अवलंबून आहे. आणि तापलेला समुद्र म्हणजे आपली प्रवाळे व वादळे यांचा प्रश्न. म्हणून हवामानाचे भाकीत करणाऱ्यांना आता या बारीक थेंबांचाही हिशेब ठेवावा लागतो.